इसबाचे मलम थांबवल्यानंतर होणारा दाह: दोन पत्रांच्या निमित्ताने

गेल्या काही महिन्यांत एकाच विषयावर आमच्याकडे दोन पत्रे आली. दोन्ही मातांची आहेत आणि दोन्हींतील प्रश्न वरवर पाहता परस्परविरोधी आहेत.

पहिले पत्र ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या एका भगिनीचे. त्यांच्या मुलीला लहानपणापासून इसब आहे. डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची मलमे तिने पंधरा-सोळा वर्षे लावली. सुरुवातीला सौम्य, मग मध्यम, नंतर तीव्र. दीड वर्षापूर्वी तिने ती पूर्णपणे थांबवली आणि त्यानंतर तिच्या अंगाची जी अवस्था झाली, तिचे वर्णन करताना मातेने 'भाजल्यासारखी' हा एकच शब्द वापरला आहे. नोकरी सुटली, रात्रीची झोप गेली, रोज सकाळी चादर झटकली की मूठभर खपल्या पडतात. तिला तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी 'हा वेगळा आजार नाही, तुझे इसबच वाढले आहे' असे सांगितले. माता विचारतात: असा आजार खरोखर आहे का? आणि तिला रुग्णाभ्यंग संस्कार देता येईल का?

दुसरे पत्र इथल्याच एका तरुण मातेचे. तिच्या दोन वर्षांच्या बाळाला इसब झाले, डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइडचे मलम दिले. 'हे मलम एकदा लागले की सुटत नाही, अंग जळते' असे कुणीतरी सांगितल्यावर तिने ट्यूब फेकून दिली. आता बाळ रात्ररात्र खाजवते, रडते, कोपऱ्याच्या खोबणीतून रक्त येते. तिने केले ते बरोबर की चूक, हे तिला हवे आहे.

आम्ही वैद्य नव्हे. तथापि या विषयावर प्रसिद्ध झालेले वैद्यकीय साहित्य आम्ही शक्य तितके वाचले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोन्ही मातांना एकाच लेखात उत्तर देण्याचे कारण असे की, एकीला दिलेले उत्तर दुसरीच्या हाती अर्धवट पडले, तर ते अपाय करील.

इसब, ज्याला डॉक्टर एक्झिमा म्हणतात, हा संसर्गजन्य रोग नाही. त्याचा सर्वांत आढळणारा प्रकार अटॉपिक डर्मटायटिस या नावाने ओळखला जातो. तो बहुधा बालपणी सुरू होतो आणि पुष्कळदा त्याच घरात कुणाला दमा वा सर्दीची अ‍ॅलर्जी असते. या रुग्णांच्या त्वचेचा बाहेरचा पडदा मुळातच कच्चा असतो. ओलावा टिकत नाही, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा अधिक खवळते आणि खाज सुटते. खाजवल्याने पडदा आणखी फाटतो. हे चक्र तोडण्यासाठी स्टिरॉइडचे मलम दिले जाते, आणि ते तोडते हे सत्य आहे.

या औषधाचा इतिहास फार जुना नाही. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन प्रथम देण्यात आले. खाटेला खिळलेली माणसे चालू लागली आणि १९५० साली फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाड्यूश राइखस्टाइन या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगांवर लावून त्याचा गुण प्रसिद्ध केला. तोवर इसबाच्या रुग्णांच्या नशिबी डांबराची मलमे, ओल्या पट्ट्या आणि सहन करणे एवढेच होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना नवे औषध चमत्कारच वाटले असल्यास नवल नाही. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी अधिकाधिक तीव्र औषधे आली. क्लोबेटासोलची तीव्रता हायड्रोकॉर्टिसोनच्या काही शे पट धरली जाते. बाहेरून पाहिले तर दोन्ही पांढरी मलमेच आणि दोन्हींच्या ट्यूब सारख्याच दिसतात. आमच्या मते अर्धा घोटाळा इथूनच सुरू होतो.

स्टिरॉइड त्वचेवर लावले की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. लाली उतरते, सूज ओसरते, खाज थांबते. निरोगी त्वचेवरही ते लावले तर ती जागा पांढुरकी पडते आणि किती पांढुरकी पडते यावरून औषधाची तीव्रता मोजण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून वापरात आहे. दुसरी बाब ही की सर्व अंगाची त्वचा सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या जागी लावून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागावर जेवढे शोषले जाते, त्याच्या सहापट कपाळावर, तेरापट जबड्यावर आणि सुमारे बेचाळीसपट पुरुषाच्या अंडकोषावर, असे त्यांना आढळले. तळपायावर मात्र हाताच्या सातव्या हिश्श्याएवढेच. तेव्हा पायाच्या जाड चट्ट्यासाठी दिलेले मलम कुणी गालावर चोळले, तर ते 'तेच औषध' राहत नाही.

मलम थांबवल्यावर काय होते

दीर्घकाळ लावलेले स्टिरॉइड काढून घेतल्यावर काही रुग्णांची त्वचा उसळून उठते, हे निरीक्षण आजचे नाही. १९७९ साली अल्बर्ट क्लिगमन आणि पीटर फ्रॉश यांनी 'स्टिरॉइडचे व्यसन' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. किरकोळ तक्रारीसाठी चेहऱ्यावर तीव्र मलम लावत गेलेल्या आणि ते सोडताच चेहरा लालबुंद होऊन जळू लागल्याने पुन्हा त्याच मलमाकडे वळलेल्या स्त्रियांचे त्यात वर्णन आहे. (या क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल पुढे त्यांच्यावर अत्यंत कठोर टीका झाली. तो स्वतंत्र आणि दुःखद विषय आहे. पण त्यामुळे त्यांचे हे निरीक्षण खोटे ठरत नाही.)

'व्यसन' हा शब्द आम्हांला खटकतो. दारुड्याला दारूची ओढ लागते तशी या रुग्णाला मलमाची ओढ नसते. त्याने डॉक्टरांनी सांगितले ते ऐकले, एवढेच त्याचे कृत्य. आता वैद्यकीय लेखनातही 'टॉपिकल स्टिरॉइड विथड्रॉवल', म्हणजे त्वचेवरील स्टिरॉइड थांबवल्यानंतरची प्रतिक्रिया, हेच नाव रूढ होत आहे.

रुग्ण जे सांगतात त्यात देशोदेशी विलक्षण साम्य आहे. मलम थांबवल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत लाली उमटते, आणि ती इसबाच्या जुन्या चट्ट्यांपुरती राहत नाही. जिथे आयुष्यात कधी इसब झाले नाही तिथेही ती पसरते. हातांवर ती मनगटापर्यंत येऊन थांबते आणि तळवे मोकळे राहतात, जणू लाल बाही चढवली आहे. इसबात खाज मुख्य असते, इथे मात्र रुग्ण आधी जळजळ सांगतात. पाणी लागले तरी आग होते. पुढे त्वचेतून पाझर सुटतो, तो वाळून पिवळट कवच धरतो, मग खपल्या गळतात, पुन्हा पाझर सुटतो. कोपर, गुडघे आणि मान यांवर कातडी जाड होऊन हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. पुष्कळांना शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. उन्हाळ्यात ब्लँकेट घेऊन कुडकुडतात आणि घटकाभरात घामाघूम होतात. काखेतल्या व जांघेतल्या गाठी सुजतात, केस गळतात, भुवया विरळ होतात. त्वचेखाली विजेचा झटका बसावा तशा कळा येतात आणि त्या हाडापर्यंत जातात असे रुग्ण म्हणतात. झोप मध्यरात्रीनंतर, कधी पहाटे, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी.

हे किती काळ चालते? काहींचे काही आठवड्यांत शमते, पुष्कळांना महिने लागतात आणि काहींची ही अवस्था वर्षांच्या हिशेबात जाते. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. महिनाभर बरे वाटते, घरचे देवाचे आभार मानतात आणि मग एके रात्री सारे नव्याने सुरू होते. हे पुन्हा उसळणेच रुग्णाचा धीर खचवते. आम्ही वाचलेल्या अनुभवांत शारीरिक वेदनेइतकाच दुसऱ्या एका वेदनेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो: कुणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टर म्हणतात हे इसब आहे, मलम लाव. घरचे म्हणतात, एवढे होते आहे तर लाव ना मलम. नोकरीच्या ठिकाणी सहकारी दूर बसतात. आरसे झाकून ठेवणारे आहेत, आणि जगणे नको वाटते असे लिहिणारेही आहेत. हे शेवटचे वाक्य ज्यांच्या घरात ऐकू येते, त्यांनी ते त्वचारोगाचे लक्षण समजून सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञाची मदत त्याच दिवशी घ्यावी.

पहिल्या मातेच्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. होय, असा त्रास आहे आणि तिच्या मुलीचे म्हणणे कल्पनेतले नाही. २०१५ साली अमेरिकेतील नॅशनल एक्झिमा असोसिएशनच्या पुढाकाराने तोवरच्या सर्व शोधनिबंधांचा आढावा घेण्यात आला. बहुतेक नोंदी स्त्रियांच्या, चेहरा व जननेंद्रियांच्या भागांच्या आणि मध्यम वा तीव्र मलमाच्या दीर्घ वापरानंतरच्या होत्या. आढावा घेणाऱ्यांनी हेही स्पष्ट सांगितले की पुराव्याचा दर्जा कमी आहे. ब्रिटनची औषध नियामक संस्था एमएचआरए हिने सप्टेंबर २०२१ मध्ये या प्रतिक्रियेबद्दल डॉक्टर व रुग्ण दोघांनाही सावध करणारे पत्रक काढले आणि मे २०२४ मध्ये स्टिरॉइडच्या ट्यूबवर तीव्रतेची पायरी छापण्याची योजना जाहीर केली: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. ज्या देशात ही मुलगी राहते तेथील सरकारी यंत्रणेनेच ही प्रतिक्रिया मान्य केली आहे. हे पत्रक छापून पुढच्या भेटीच्या वेळी बरोबर न्यावे, असे आम्ही त्या भगिनीला कळवले आहे.

तथापि डॉक्टरांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. या प्रतिक्रियेचे निदान निश्चित करणारी रक्ताची वा त्वचेची चाचणी आजवर नाही. स्टिरॉइड थांबवल्यावर मूळ इसबही उसळतेच. मलमातील एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी, जंतुसंसर्ग, बुरशी, हे सारे सारखेच लाल दिसते. प्रामाणिक डॉक्टरला 'मला खात्री नाही' असे म्हणावे लागते आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते 'तुझा भ्रम आहे' असे ऐकू येते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि नॅशनल एक्झिमा सोसायटीने २०२१ साली संयुक्त निवेदन काढून रुग्णांच्या अनुभवाची दखल घेतली, हे म्हणूनच महत्त्वाचे वाटते. संशोधनही आता सुरू झाले आहे. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी या रुग्णांच्या त्वचेतील पेशींच्या ऊर्जाव्यवहारात इसबाच्या रुग्णांपेक्षा वेगळा बिघाड आढळल्याचे प्रसिद्ध केले. अभ्यासातील रुग्ण थोडेच आहेत. उपचार म्हणून त्यावर लगेच विसंबून राहण्याजोगे ते नाही, पण हा आजार इसबाहून निराळा असू शकतो असे म्हणायला प्रयोगशाळेतला आधार मिळू लागला आहे.

जपानचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात तिथे स्टिरॉइडविरोधी लाट उसळली. दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रे यांमुळे भीती घरोघर पोहोचली. हजारो रुग्णांनी मलमे टाकून दिली. काही मोजके डॉक्टर सोडण्याच्या काळात रुग्णांची काळजी घेत होते, पण त्यांच्यापेक्षा अधिक वेगाने वाढला तो व्यापार: खास पाणी, खास साबण, खास आहार. 'अटोपी व्यवसाय' असे त्याला नावच पडले. महागड्या उपचारांच्या नादी लागून कित्येकांचे इसब भयंकर चिघळले. भीती खरी असली तरी तिचा लाभ भलताच कुणी उठवतो, हे आपल्याकडेही वेगळे नाही. चमत्काराच्या नावाने तेल विकणाऱ्यांपासून आमच्या वाचकांनी विशेष सावध राहावे.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या देशात हा प्रश्न निराळ्या दाराने आत आला. इथे स्टिरॉइडची मलमे इसबासाठी जितकी वापरली जातात, त्याहून अधिक चिंता वाटावी असा त्यांचा वापर गोरेपणासाठी, मुरमांसाठी आणि नायट्यासाठी होतो. स्टिरॉइडने त्वचा तात्पुरती उजळ दिसते, हा त्याचा दोष लोकांनी गुण मानला. भारतातील बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासण्यात आले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइडचे मलम लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने नव्हे, तर शेजारी, मैत्रीण, ब्यूटी पार्लरवाली, औषधविक्रेता अशा कुणीतरी सुचवले होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असे नावच दिले आहे: पातळ झालेली कातडी, दिसू लागलेल्या लाल शिरा, पुरळ, गालांवर नको तिथे लव, आणि उन्हात पाऊल ठेवताच आग.

लग्न ठरले की मुलीच्या हाती अशी एखादी ट्यूब देण्याची रीत आपल्या समाजातही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. लग्नाच्या दिवशी चेहरा उजळतो आणि त्यानंतर ट्यूब थांबवताच जो चेहरा उरतो, तो घेऊन ती मुलगी सासरी जाते. विवाहपूर्व शिबिरांत आपण पुष्कळ गोष्टी शिकवतो. हेही एक वाक्य तिथे सांगायला हरकत नसावी.

दुसरे दार नायट्याचे. किनारपट्टीच्या दमट हवेत कमरेला, जांघेत, काखेत बुरशी धरते. मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब द्या' म्हटले की पुष्कळदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र असलेली ट्यूब मिळते. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, माणूस ट्यूब कपाटात ठेवतो आणि दबलेली बुरशी पसरत राहते. मग तीच ट्यूब घरातील सासू, सून, नातू असे सारे लावतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चौदा स्टिरॉइड मलमांना 'शेड्यूल एच'च्या कक्षेत आणले. म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकणे कायद्याने बंद झाले. कायदा झाला, पण चिठ्ठी न मागता ट्यूब पुढे सरकवणारे हात अजून थांबलेले नाहीत. एखाद्या औषधाचा असा अपाय झाला तर तो सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाला कळवता येतो. त्यांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही.

बाळाच्या आईला उत्तर

आता ट्यूब फेकून देणाऱ्या मातेकडे वळू. तिच्या भीतीला आधार आहे, पण तो तिच्या बाळाच्या बाबतीत लागू पडत नाही. ज्या प्रतिक्रियेचे वर्णन आम्ही वर केले, ती मुख्यतः मध्यम ते अतितीव्र मलमाच्या महिनोन्महिने वा वर्षानुवर्षे अखंड वापरानंतरची आहे. नाजूक जागी धोका अधिक. वैद्याच्या देखरेखीखाली योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, थोडे दिवस लावणे हा इसबाचा मान्य उपचार आहे, आणि एमएचआरएचे सावधगिरीचे पत्रकदेखील हेच सांगते. रक्त येईपर्यंत खाजवणारे बाळ उपचाराविना ठेवले, तर उघड्या कातडीतून जंतू शिरतात. तेव्हा त्या मातेने बाळाला पुन्हा डॉक्टरकडे, शक्य तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि न संकोचता चार गोष्टी विचाराव्यात. हे मलम कोणत्या तीव्रतेचे आहे? अंगाच्या कोणत्या भागाला लावायचे आणि कोणत्या नाही? किती दिवस? थांबवायचे ते कसे? चिठ्ठीवर 'खाज असेल तेव्हा' एवढेच लिहिले असेल, तर ते अपुरे आहे.

किती लावावे याचेही माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याशिवाय दिवसातून अनेकदा साधे स्निग्ध मलम चोळणे, कोमट पाण्याची छोटी आंघोळ, सुती कपडे, कापलेली नखे. यांतले काहीच नवे नाही, पण स्टिरॉइड कमी लागावे यासाठी हेच अधिक उपयोगी पडते. स्टिरॉइड नसलेली टॅक्रोलिमससारखी मलमेही आता आहेत. मोठ्यांच्या तीव्र इसबासाठी नवी इंजेक्शने व गोळ्याही निघाल्या आहेत. त्यांची किंमत मात्र आपल्यातील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

आणि ज्यांनी वर्षानुवर्षे मलम लावले आहे त्यांनी हा लेख वाचून आज रात्री ते बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती. तीव्र स्टिरॉइड अंगभर दीर्घकाळ लावल्यास ते रक्तात उतरून शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची शक्ती मंदावू शकते. अशा वेळी एकाएकी थांबवले तर अतोनात थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे असे गंभीर प्रकार संभवतात. कमी कसे करायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. सोडण्याच्या काळात ताप येऊन त्वचेवर टोचून काढल्यासारखे गोल व्रण एकत्र उमटले, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

धर्मग्रामातील वागणूक आणि संस्कार

त्वचेच्या आजाराला आपल्याकडे एक जुनी भीती चिकटलेली आहे. लेवीय ग्रंथातील नियम वाचले की ती किती जुनी आहे हे कळते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हेही आपण दरवर्षी ऐकतो. तरीही मिस्सेच्या वेळी लाल, सोललेल्या हाताच्या मुलीशेजारची जागा रिकामी राहते. इसब स्पर्शाने होत नाही, आणि मलम सोडल्यानंतरची ही प्रतिक्रियाही होत नाही. ईयोबाच्या अंगावर फोड आले आणि तो खापरीने अंग खाजवीत राखेत बसला, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले. त्यांचे चुकले ते नंतर, बोलू लागल्यावर. रुग्णाला 'तू कोणते पाप केलेस', 'तुझी श्रद्धा कमी पडते', 'अमुक तेल लावून पाहा' असे सांगायला येणारे आपल्यातही थोडे नाहीत.

उलट बाजूने, हे दुःख देवाने दिले म्हणून औषधच नको, असे म्हणणारेही भेटतात. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय त्यांनी घरी काढून पाहावा. वैद्याचा मान राखण्यास आणि भूमीतून निर्माण झालेली औषधे न झिडकारण्यास तिथे स्पष्ट सांगितले आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर जे पत्र लिहिले, त्याच्या अखेरच्या भागात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्यांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि खर्चही सोसला.

काही व्यावहारिक बाबी. ज्यांची त्वचा इतकी जळते की कपडा सोसवत नाही, त्यांच्यावर रविवारच्या मिस्सेला येण्याचे बंधन नाही, उपवासाचेही नाही. त्यांनी त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये. घरच्यांनी धर्मगुरूंना कळवावे, म्हणजे घरी ख्रिस्तशरीर आणता येईल. तळहात फाटलेले असतील तर ते जिभेवर स्वीकारावे. शांतीचे अभिवादन आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हात जोडूनच होते, त्यामुळे इथे अडचण नाही. परदेशी हस्तांदोलनाची प्रथा असते, तिथेही रुग्णाने हात जोडले तर कुणी वाईट वाटून घेऊ नये.

राहिला रुग्णाभ्यंग संस्काराचा प्रश्न. आजाऱ्याला तेल माखणे म्हणजे शेवट जवळ आला, हा समज आपल्या वडीलधाऱ्यांत अजून घट्ट आहे, आणि त्या भगिनीच्या घरीही 'इतक्या तरुण मुलीला कसला अभ्यंग' असे कुणीतरी म्हटलेले दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणासन्न माणसांसाठी नाही असे सांगून साठ वर्षे झाली. गंभीर आजाराने ज्याचे आरोग्य धोक्यात आले आहे त्याला तो घेता येतो आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. दीड वर्ष अंथरुणाला खिळवणारा हा आजार त्यात बसतो, असे आमचे मत आहे. अंतिम निर्णय तिथल्या धर्मगुरूंचा. फक्त हे तेल औषधाची जागा घेत नाही आणि घरी रोज चोळण्यासाठी ते दिले जात नाही.

मुलीच्या कपाळावर आणि हातांवर उघड्या जखमा आहेत, तिथे तेल कसे माखणार, असेही पत्रात विचारले आहे. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेच्या १००० व्या कलमात याची सोय आहे. गरज असेल तेव्हा कपाळावर एकदाच, किंवा शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागावर अभ्यंग केला तरी तो पूर्ण होतो, आणि गंभीर कारण असेल तर धर्मगुरू हाताऐवजी साधनाचा उपयोगही करू शकतात. धर्मगुरू येण्याआधी अंगाची कोणती जागा दुखत नाही, ते मुलीने स्वतःच त्यांना दाखवावे.